हातखंब्याचा बिल्ला

कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालेला प्रवासी हातखंब्याला उतरत नाही. त्याच्या खिशातल्या यादीत थिबा राजवाडा असतो, लोकमान्यांचे जन्मस्थान असते, पतितपावन मंदिर असते. आणि बरोबर बायकामुले असली तर गणपतीपुळे असतेच असते. हातखंबा आला की तो घड्याळाकडे पाहतो, ‘आता आलंच हो’ असे सौभाग्यवतीला सांगतो आणि पायाशी ठेवलेली पिशवी सारखी करतो. हातखंबा हे त्याच्या लेखी गावच नव्हे. ती रत्नागिरी जवळ आल्याची खूण.

मी मात्र गेल्या वर्षी दीड महिन्यात दोनदा हातखंब्याला उतरलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या पिशवीत एक भिंग होते. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एक पितळी बिल्ला होता. भिंग घेऊन जाताना जेवढा ताठ होतो, तेवढा बिल्ला घेऊन जाताना नव्हतो. त्या दोन फेऱ्यांची ही हकीकत.

प्रथम माझ्या नादाविषयी सांगायला हवे. मी एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. मराठीच्या प्राध्यापकाने जमवायचेच झाले तर जुन्या पोथ्या जमवाव्यात, बखरी जमवाव्यात. निदान दिवाळी अंक तरी जमवावेत. मला नाद लागला तो लष्करी बिल्ल्यांचा. शिपायाच्या टोपीवर पलटणीची खूण म्हणून जो धातूचा बिल्ला असतो, तो. वास्तविक आमच्या घराण्यात लढाईचा आणि आमचा संबंध शेजाऱ्यांशी होणाऱ्या नळाच्या भांडणापलीकडे कधी गेलेला नाही. शाळेत कवायतीच्या तासाला माझे पोट दुखत असे. पण कदाचित त्यामुळेच असेल, ज्यांचे पोट दुखले नाही त्यांच्या टोपीवरच्या खुणेविषयी मला पहिल्यापासून आदर. बिल्ला तळहातावर घेतला की कुणीतरी एक माणूस तो लावून कुठेतरी गेला होता, एवढे जाणवते आणि तेवढे मला पुरते.

पहिला बिल्ला मी मुंबईच्या एका जुन्या बाजारात घेतला. विक्रेता म्हणाला, “साहेब, मराठा पलटणीचा आहे. मेसोपोटेमियातला.” मेसोपोटेमिया म्हटल्याबरोबर माझे भान सुटले. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन तिकडे गेली होती. तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा येथे १४७ दिवस वेढ्यात सापडून, उपासमारीने खंगलेल्या त्या फौजेला २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावे लागले. हा सारा इतिहास त्या बिल्ल्यात साठवलेला आहे अशा समजुतीने मी मागितले तेवढे पैसे दिले. बिल्ल्यावर बिगुल होते आणि वर राजाचा मुकुट होता. त्या मुकुटानेच घात केला.

घरी येऊन पुस्तके चाळली तेव्हा कळले ते असे. सातवा एडवर्ड १९०१ साली गादीवर आला, तेव्हापासून सहाव्या जॉर्जच्या अखेरीपर्यंत ब्रिटिश बिल्ल्यांवरचा मुकुट माथ्याशी घुमटासारखा फुगीर असे. १९५२ साली एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि त्यानंतर मुकुटाची आकृती बदलली. तो मधोमध दबलेला दिसू लागला. आपल्याकडे तर २६ जानेवारी १९५० पासूनच मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले होते. म्हणजे राणीचा हा मुकुट आपल्या पलटणींच्या टोपीवर चढण्याचा कधी प्रसंगच आला नाही. माझ्या १९१५ सालच्या शिपायाने मात्र तो आधीच चढवून ठेवला होता! त्या दिवसापासून मी घेण्याआधी वाचायला शिकलो.

खोटा बिल्ला ओळखण्याची विद्या फार गूढ नाही. खरा बिल्ला बहुधा ठशाचा असतो. म्हणजे पोलादी ठसा पत्र्यावर जोराने दाबतात, आणि पुढे जे उठून दिसते ते मागच्या बाजूला खोलगट दिसते. पुढून नाक, तर मागून नाकाचा खड्डा. कडा स्वच्छ, रेघा धारदार. बनावट करणारा मनुष्य पोलादी ठसा कोरण्याच्या खर्चात पडत नाही. तो एखादा खरा बिल्ला मिळवतो, मातीत नाहीतर प्लास्टरमध्ये त्याची छाप घेतो आणि तीत पितळ ओततो. असला ओतीव बिल्ला मागून सपाट आणि दाणेदार असतो. भिंगातून पाहिले तर घामोळे उठावे तसे बारीक खड्डे दिसतात. नक्षी वितळत्या साबणासारखी बोथट असते. शिवाय धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मूळ बिल्ल्यापेक्षा केसभर लहान भरते. तेजाबाने काळवंडवून, हिरवट कळा चढवून तिला म्हातारपण आणतात. पण हे म्हातारपण सगळीकडे सारखे असते. खरे म्हातारपण उंचवट्यांवर असते, कारण पुसणाऱ्याचे बोट तिथेच लागते.

यात मला माझ्या पेशाचाही उपयोग झाला. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना मी पाठचिकित्सा शिकवतो. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, इथून सुरुवात करून आम्ही जुन्या पोथ्यांच्या नकला कशा तपासायच्या याकडे वळतो. त्यातला एक नियम मुलांना मी दरवर्षी सांगतो. दोन पोथ्यांत एखादी ओवी बरोबर असली तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण दोन पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच विचित्र चूक असली, तर एकीवरून दुसरी उतरवलेली आहे किंवा दोघींची आई एक आहे. शहाणपण कुणाचेही कुणाशी जुळते. चूक जुळली की नाते निघते. हा नियम मी इतकी वर्षे फळ्यावर लिहीत आलो. तो माझ्याच अंगावर येईल असे वाटले नव्हते.

माझ्या संग्रहात एक बिल्ला असा होता की, पाहुणे आले की तो मी शेवटी दाखवत असे. महार रेजिमेंटचा अगदी पहिल्या घडणीचा बिल्ला. त्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ आणि ‘महार’ हा शब्द. त्याचे मोल कळायचे तर थोडे मागे जावे लागेल.

कोरेगावची लढाई झाली १ जानेवारी १८१८ रोजी. तिथे पुढे उभारलेल्या स्तंभावर कंपनी सरकारच्या पडलेल्या शिपायांची नावे आहेत, आणि त्यांतली अनेक ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. हा त्या काळच्या महार शिपायांच्या नावातला प्रत्यय. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. आमच्या कोकणातले दापोली तर लष्करी पेन्शनरांचे गाव. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, आणि निवृत्तीनंतर काही काळ ते दापोलीला राहिले होते. पण १८९० नंतर सरकारने ‘लढाऊ जाती’ म्हणून एक यादी धरली आणि महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांची नावे दगडावर कोरली होती त्यांनाच सांगण्यात आले की, तुम्ही लढाऊ नव्हेत. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी या बंदीविरुद्ध अर्ज केला. उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडून टाकली. बाबासाहेबांनी दुसऱ्या महायुद्धात पुन्हा आग्रह धरला, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. टोपीवर स्तंभ आला तो तेव्हा. १९४६ साली तिला मशीनगन रेजिमेंटचे रूप मिळाले आणि बिल्ल्यावर विकर्स मशीनगनांची जोडी आली. स्वातंत्र्यानंतर स्तंभ जाऊन त्याजागी खंजीर आला. तेव्हा नुसत्या स्तंभाचा बिल्ला म्हणजे जेमतेम पाच वर्षांचे आयुष्य. मिळणे कठीण, आणि जे मिळणे कठीण त्याच्या नकला फार.

माझा बिल्ला नक्कल नव्हता. तीन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी तो साडेसात हजार रुपयांना घेतला होता. ‘माल रत्नागिरीकडचा आहे’ एवढेच तो म्हणाला. हे पैसे हिने धुलाईयंत्रासाठी बाजूला ठेवले होते, हा उपप्रसंग येथे विस्ताराने सांगत नाही. बिल्ला ठशाचा, मागून खोलगट, उंचवट्यांवर पुसून गुळगुळीत झालेला. स्तंभाच्या पायाशी डाव्या अंगाला एक चोच मारल्यासारखा खड्डा आणि तिथून वर गेलेला तिरका ओरखडा. पाहुण्यांना मी सांगत असे, “हा बहुधा गोळीचा निसटता घाव.” पाहुणे चहाचा कप खाली ठेवीत.

गेल्या भाद्रपदात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो हातखंब्याचा. म्हणाला, “सर, आमच्या वाडीत एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होते. गावातल्या जुन्या सैनिकांचे फोटो आणि वस्तू वाचनालयात लावायचं ठरतंय. गुरुजींकडे वडिलांचा बिल्ला आहे. कुठल्या सालचा, काय, ते जाणकाराने लिहून दिलं तर बरं.” जाणकार हा शब्द ऐकून नाही म्हणवेना.

मलकापूर सोडले की हवा बदलते. आंबा घाटात धुके इतके की ड्रायव्हर वळण पाहून घेत होता की पाठ म्हणत होता, कळेना. घाट उतरून साखरपा, मग नाणीज, मग पाली. पालीला ही वाट मुंबई-गोवा महामार्गाला मिळते, आणि त्या महामार्गाने थोडे वर गेले की हातखंबा. इथून रत्नागिरीचा रस्ता डावीकडे फुटतो. रुंदीकरणासाठी टेकड्या कापल्यामुळे तांबडी माती उघडी पडली होती. वडापावची गाडी, शहाळ्यांचा ढीग, पंक्चरचे दुकान, आणि कुठल्या तरी गाडीची वाट पाहणारी माणसे. तिठ्यावर उभा असलेला प्रत्येक माणूस दुसरीकडेच जायचा असतो.

पण रस्ता सोडून शंभर पावले आत गेलो आणि महामार्गाचा आवाज एकदम मागे पडला. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना भात पोटरीतून बाहेर पडले होते. हळवे भात तर पिवळे होऊन कललेही होते. बांधावर तेरडा. पुढे जांभ्याच्या चिऱ्यांची, कौलारू घरे. गुरुजी पायरीवरच उभे होते. वय सत्त्याहत्तर, सदरा पांढरा, इस्त्रीचा, पाठ सरळ.

“या सर. दमला असाल. आधी पाणी घ्या.” आणि आत वळून, “अगं, सर आले हो.”

दर्शनी भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. शेजारी लष्करी वेषातल्या एका तरुणाचा, कडांनी पिवळट पडलेला फोटो. घावणे आणि गूळखोबरे घातलेला नारळाचा रस आला. खाणे संपेपर्यंत गुरुजींनी बिल्ल्याचा विषय काढला नाही. मग त्यांनी काळी ट्रंक उघडली.

“बाबा बेचाळीस साली बेळगावला जाऊन भरती झाले,” ते म्हणाले. “आमच्या पणजोबांच्या पिढीत पलटणीतली माणसं होती. मग दार बंद झालं. ते उघडल्याचं कळलं तेव्हा बाबा वीस वर्षांचे होते. घरी कुणाला न सांगता गेले. लढाई संपली, शेहेचाळीस साली घरी आले. साधे शिपाई म्हणून गेले, साधे शिपाई म्हणून परत आले. पुढे मुंबईला गिरणीत लागले. पण मे महिन्यात गावी आले की ट्रंक उघडून बिल्ला पुसायचे. ब्रासो लावून. गिरणीतले हात, पण बिल्ला आरशासारखा.”

मी भिंग काढले. फडक्यातून बिल्ला हातात आला, आणि हातात येताच तो जरा जड लागला. उलटा केला. पाठ सपाट, दाणेदार. कड्या मागाहून डाखलेल्या. भिंगातून ते बारीक खड्डे दिसले. ओतीव. शंकाच नव्हती. आश्चर्य एवढेच की उंचवटे खरोखरीच झिजलेले होते. तेजाबाची ती झीज नव्हती, बोटांची होती.

मग बिल्ला सुलटा केला आणि स्तंभाच्या पायाशी, डाव्या अंगाला, मला तो खड्डा दिसला. तिथून वर गेलेला तिरका ओरखडाही.

गुरुजी हसत होते. “दिसला ना? ते माझे प्रताप. मी सात वर्षांचा होतो. बाबा आंघोळीला गेले तेव्हा बिल्ला घेऊन टोपीला लावला आणि अंगणात कवायत केली. पायरीच्या चिऱ्यावर पडला, कोपरा वाकला. घाबरून मी तो दगडाने सरळ करायला गेलो. तोच हा खड्डा. वाटलं, आता बाबा सोलून काढतात. पण बाबांनी मारलं नाही. नुसते बघत राहिले आणि म्हणाले, ‘बरं झालं. आता हा कुणाच्या बिल्ल्यात मिसळला तरी ओळखू येईल.’”

माझ्या घशाला कोरड पडली. खरा घाव पत्र्याला बसला की पाठीला टेंगूळ येते. माझ्या घरच्या बिल्ल्याला ते टेंगूळ होते. या बिल्ल्यावर घाव पुढे होता आणि पाठीला त्याची खबरही नव्हती. घाव बसलेला नव्हता. घावाची नक्कल ओतलेली होती. चूक जुळली की नाते निघते.

“हा बिल्ला घराबाहेर कधी गेला होता का हो, गुरुजी?” मी विचारले.

“एकदाच. वीसेक वर्षं झाली. बाबा गेल्यानंतर एक गृहस्थ आले होते. फार सभ्य. सैनिकांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवणार म्हणाले. चार महिन्यांनी स्वतः आणून दिला. वर आभाराचा नारळ दिला.” मग थोडे थांबून, “का हो? खरा आहे ना?”

मुलांना खोटे बोलू नये असे शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. त्या क्षणी मी खोटे बोललो नाही. पण खरेही बोललो नाही. म्हणालो, “स्तंभाचा बिल्ला एकेचाळीस ते शेहेचाळीस एवढाच होता. तुमच्या वडिलांची साल बरोबर जुळतात. लिहून देण्याआधी मला घरी एक ताडून पाहावं लागेल.” पातळ कागद बिल्ल्यावर ठेवून मी शिसपेन्सिलीने त्याचा ठसा उतरवून घेतला. परत निघताना गुरुजींनी सोबत कोकमे दिली. ती पिशवी तिठ्यापर्यंत मला फार जड झाली.

घरी पोचलो तो रात्र झाली होती. कपाट उघडले, माझा बिल्ला काढला, त्याचाही ठसा उतरवला आणि दोन कागद एकमेकांवर ठेवून दिव्यासमोर धरले. खड्ड्यावर खड्डा आला, ओरखड्यावर ओरखडा. फक्त माझा बिल्ला चहूबाजूंनी थोडा बाहेर उरला. एक मिलिमीटरही नाही. पितळ आकसले होते तेवढा. त्या सभ्य गृहस्थाने नक्कल गुरुजींना दिली होती, आणि अस्सल कुठून कुठून फिरत माझ्या कपाटात येऊन पडला होता. गोळीचा निसटता घाव म्हणून मी पाहुण्यांना जो दाखवत होतो, तो एका घाबरलेल्या पोराने मारलेला दगड होता.

ही मागे येऊन उभी राहिली होती. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मग आता?”

“मी पैसे देऊन घेतलाय. चोरी मी केलेली नाही,” मी म्हणालो.

“तसं मी म्हटलंच नाही.” आणि ती दिवा मालवायला गेली.

त्या रात्री मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. बिल्ला माझ्याकडे सुरक्षित आहे. गुरुजी समाधानात आहेत. ज्याला खोटे म्हणून ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने ते खरेच. उतारवयात त्यांना कशाला सांगायचे? हे सारे मुद्दे मला उत्तम सुचले, आणि इतके उत्तम मुद्दे सुचत आहेत यावरूनच माझी बाजू लंगडी आहे हे कळून आले. आम्ही संग्राहक म्हणवणारे लोक बनावट माल विकणाऱ्यांना शिव्या देतो. पण तो सभ्य गृहस्थ हातखंब्याच्या पायवाटेने त्या घरापर्यंत गेला कशासाठी? शेवटी माझ्यासारखा कोणीतरी साडेसात हजार मोजील म्हणूनच. मी ‘हा कुणाचा होता’ असे विक्रेत्याला विचारले नव्हते. कुत-अल-अमाराच्या १४७ दिवसांचा हिशेब मला पाठ होता. साध्या एका शिपायाचे नाव विचारायचे राहिले होते.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा हातखंब्याला उतरलो. या वेळी हीही बरोबर होती. फराळाचा डबा तिच्या हातात, बिल्ला माझ्या खिशात. भाताची कापणी होऊन गेली होती आणि खळ्यावर पेंढा रचला होता. गुरुजींना मी पायरीवर बसूनच सर्व सांगितले. दोन्ही कागद दाखवले, मग दोन्ही बिल्ले शेजारी ठेवले.

गुरुजींनी खरा बिल्ला उचलला आणि पहिल्याप्रथम उलटा केला. अंगठ्याने पाठीवरचे टेंगूळ चाचपले. बराच वेळ चाचपत राहिले. “हे होतं,” ते म्हणाले. “मागून हाताला लागायचं. परत आल्यावर ते लागेना. मला वाटलं, माझीच आठवण चुकली.” मग आत हाक मारली, “अगं, इकडे ये. बाबांचा बिल्ला आलाय.”

बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी बिल्ला हातात घेतला नाही, नुसता पाहिला, आणि हिला म्हणाल्या, “एवढ्या लांबून हे द्यायला आलात होय?” हिने मान हलवली. त्या हिला घेऊन आत गेल्या.

“किती दिलेत याचे?” गुरुजींनी विचारले.

मी सांगायला तयार नव्हतो. पैसे घेण्याचा तर प्रश्नच नव्हता, असे म्हणालो. त्यावर ते मास्तरांच्या आवाजात म्हणाले, “मीही गणित शिकवलंय, सर. पोराने चुकलेलं गणित आपण होऊन दुरुस्त करून आणलं तर मी पूर्ण गुण देत असे. पण आधी चुकलं होतं, हे खोडायला सांगत नसे.” मला गुण मिळाले आणि शेराही मिळाला.

मग मी एक आगाऊपणा केला. म्हणालो, “गुरुजी, खरा आता तुमच्याकडे आला. तो ओतीव मला द्याल? विद्यार्थ्यांना दाखवायला उपयोगी पडेल. मूळ आणि नक्कल यांतलं नातं इतकं स्पष्ट दाखवणारा दुसरा नमुना मिळायचा नाही.”

गुरुजींनी तो बिल्ला फडक्यात गुंडाळला. “तो देणार नाही.”

“पण तो खोटा...”

“असेल. पण वीस वर्षं दर चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला मी हाच पुसलाय. माझ्या मुलांनी पुसलाय, नातवंडांनी पुसलाय. हा घ्या म्हणून कुणाच्या हातात देऊ?” त्यांनी दुसऱ्या हाताने खरा बिल्ला जवळ ओढला. “हा बाबांचा. तो आमचा.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती झीज मी पहिल्या दिवशीच भिंगातून पाहिली होती आणि ती खरी आहे हेही ओळखले होते. मात्र वहीत टिपून ठेवली होती ती फक्त सपाट पाठ.

वाचनालयासाठी मी तिथेच लिहून दिले: महार रेजिमेंटच्या टोपीचा बिल्ला, घडण १९४१ ते १९४६, अस्सल. गुरुजींनी वाचले आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. “दुसऱ्याचंही लिहा.” तेव्हा खाली आणखी एक ओळ घातली: वरील बिल्ल्यावरून ओतलेली प्रत, सुमारे वीस वर्षे याच घरात. मग गुरुजींनी दोन्ही बिल्ल्यांखाली वडिलांचे नाव स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिले. साल आणि धातू मी सांगू शकलो. नाव तेच सांगू शकत होते.

परतीला तिठ्यावर आलो तेव्हा ऊन कलले होते. कोल्हापूरच्या गाडीला अवकाश होता. ही शहाळे पीत म्हणाली, “इथे उतरतं कोण, असं तुम्ही म्हणत होतात ना?” घरी आल्यावर संग्रहाची नोंदवही काढली आणि त्या बिल्ल्यापुढे ‘परत’ असे लिहिले. किमतीच्या रकान्यात साडेसात हजार होते. ते खोडले नाहीत. आता कुठलाही बिल्ला घेण्याआधी मी विक्रेत्याला तो कुणाचा, असे विचारतो. बहुतेकांना सांगता येत नाही. त्यामुळे गेल्या वर्षभरात माझ्या संग्रहात एकाही बिल्ल्याची भर पडलेली नाही, आणि घरात धुलाईयंत्र आले आहे.